खाडा एका दिवसाचाच असतो

सकाळी वर्तमानपत्र आले की आधी शब्दकोड्याचे पान उघडणारी माणसे आपल्या बार्शीत पूर्वीपासून आहेत. त्यात पुढे सुडोकूची भर पडली आणि आता मोबाइलवरील कोड्यांची. मात्र या नव्या कोड्यांनी एक वेगळी गोष्ट सोबत आणली आहे. कोडे सुटले की मोबाइल सांगतो, ‘सलग ४७ दिवस’. दुसऱ्या दिवशी ४८. एक दिवस खाडा पडला की आकडा शून्य! याला इंग्रजीत ‘स्ट्रीक’ म्हणतात. आपण साखळी म्हणू. ही साखळी मनाला का धरून ठेवते आणि तिच्यापासून लाभ कोणता व हानी कोणती, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोड्याचे वेड नवे नाही. आर्थर विन यांनी रचलेले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात छापून आले. तेच पहिले आधुनिक शब्दकोडे मानले जाते. पुढे आपल्या देशात बक्षिसांच्या कोड्यांचे पेव फुटले. त्यांना आवर घालण्यासाठी १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला १,००० रुपयांहून अधिक बक्षीस नको आणि एका स्पर्धेत २,००० हून अधिक प्रवेशिका नकोत, अशी बंधने त्यात आहेत. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला ‘मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला’ हा खटलाही शब्दकोड्यांच्या स्पर्धेवरूनच उभा राहिला होता. त्या काळी माणूस पैशाच्या आशेने कोड्याला चिकटत असे. आज एक पैचे बक्षीस नसताना तो चिकटतो, हे कसे?

‘वर्डल’ या खेळाचे उदाहरण घेऊ. जॉश वॉर्डल यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा आणि दिवसाला एकच कोडे. जानेवारी २०२२ अखेर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. खेळ नव्या जागी हलविताना काही खेळाडूंचे आकडे शून्यावर गेले आणि तक्रारी सुरू झाल्या. वास्तविक त्यांनी सोडविलेली कोडी सुटलेलीच होती. गेला तो फक्त आकडा!

याचे उत्तर मानसशास्त्रात सापडते. डॅनियल कानेमन व आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख मनाला अधिक लागते. साखळीचे तेच होते. पहिल्या आठवड्यात आपण कोड्याच्या आनंदासाठी खेळतो. शंभराव्या दिवशी शंभर गमावू नयेत म्हणून खेळतो. खेळ तोच असतो, पण ओढीची जागा भीतीने घेतलेली असते.

हे मी अनुभवाने सांगतो. माझे वडील सोलापूरला दवाखान्यात दाखल होते. माझी साखळी तेव्हा १८६ दिवसांची. रात्री पावणेबाराच्या सुमारास वडिलांनी पाणी मागितले आणि मी ‘एक मिनिट’ म्हणालो. मी कोडे पुरे करीत होतो. त्यांनी पुन्हा मागितले नाही. पाणी मी दिले, पण ते एक मिनिट अजून मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खेळलो नाही.

दुसरी हानी याहून मोठी आहे व ती विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. रोज अभ्यासिकेत जाऊन आल्यावर ती कॅलेंडरवर लाल फुली मारीत असे. एकसष्ट फुल्या झाल्या आणि तापाने चार दिवस ती अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण अभ्यास महिनाभर सुरू झाला नाही. विचारले तेव्हा म्हणाली, "पप्पा, आता सगळं पहिल्यापासून." एकसष्ट दिवसांत वाचलेले ती विसरली नव्हती, तरी तिच्या लेखी शिल्लक शून्य होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, असे त्यांना दिसले. मात्र कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस, इतका फरक होता. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही. म्हणजे साखळी तुटते ती मोबाइलमध्ये. अंगातील सवय तशी तुटत नाही.

बँकेत आम्ही आवर्ती ठेव रोज पाहतो. एखादा हप्ता चुकला तर थोडा दंड बसतो. भरलेले हप्ते कोणी पुसून टाकीत नाही. आपल्या घरातील मायमाउलींना तर हे केव्हाच ठाऊक आहे. दूधवाला आला नाही की त्या ‘कालनिर्णय’वर खाडा लिहितात आणि महिनाअखेर तेवढ्याच दिवसाचे पैसे कापतात. उरलेल्या दिवसांचे दूध आलेच नाही, असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, साखळी जरूर धरा. सुरुवातीला ती हात धरून चालविते. पण वहीत ‘सलग दिवस’ लिहू नका, ‘एकूण दिवस’ लिहा. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. माझ्या मुलीच्या कॅलेंडरवर आता चार मोकळ्या चौकोनांपुढे महिनाभर काही नाही, आणि त्यानंतर बासष्टावी फुली आहे. तिने ती ‘एक’ म्हणून मोजलेली नाही, याचे मला समाधान वाटते.