क्यालामी, २३ जानेवारी १९८२

१९८२च्या फॉर्म्युला वन मोसमाची पहिली शर्यत दक्षिण आफ्रिकेत होती, पण ठिणगी पडली शर्यतीआधीच. नव्या परवान्यातल्या जाचक अटींविरुद्ध निकी लाउडा आणि दिदिए पिरोनी यांच्या पुढाकाराने चालकांनी संप पुकारला. जवळपास सगळे बसमध्ये बसून जोहान्सबर्गच्या हॉटेलात गेले आणि रात्र एकाच दालनात काढली. एलिओ दे अँजेलिसने तिथे पियानो वाजवला. एरवी एकमेकांना इंचभरही वाट न देणाऱ्या माणसांची ही एकजूट मला शर्यतीइतकीच मोलाची वाटते.

अखेर संप मिटला आणि शर्यत झाली. ती जिथे झाली ते क्यालामी समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत ३ लिटरच्या साध्या इंजिनांची ताकद घटते. दीड लिटरचे टर्बो इंजिन मात्र हवा दाबून आत घेत असल्याने त्याला फटका कमी बसतो. सुरुवातीच्या रांगेतल्या पहिल्या सहाही गाड्या टर्बो होत्या, सर्वांत पुढे रेनॉचा रेने आर्नू.

त्याचा सहकारी अॅलाँ प्रोस्टने आघाडी घेतली, पण ७७ फेऱ्यांच्या शर्यतीत ४१व्या फेरीला त्याचे मागचे टायर फुटले. टायर बदलून तो आठव्या क्रमांकावर परतला. तिथून एकेकाला मागे टाकत, ६८व्या फेरीत आर्नूलाही गाठून त्याने शर्यत जिंकली! कार्लोस रॉयटेमान दुसरा, आर्नू तिसरा आणि निवृत्तीतून परतलेला लाउडा चौथा आला.

शर्यतीनंतर संपकऱ्यांवर दंड आणि निलंबनाची कारवाई जाहीर झाली.