युनोला फौज दिलीच नव्हती

कुठे युद्ध पेटले की दोन दिवसांत एक प्रश्न हमखास कानी येतो: ‘युनो काय झोपा काढते आहे?’ युक्रेनच्या वेळी तो आला, गाझाच्या वेळी आला, पुढच्या युद्धातही येणारच. विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. पण तिच्यामागे अशी समजूत घट्ट बसलेली असते की न्यूयॉर्कमध्ये जगाचे एक सरकार आहे, त्याच्या हाताशी फौज आहे, आणि ते सरकार भित्रे तरी आहे किंवा अमेरिकेचे मिंधे तरी. मुळात असे सरकारही नाही आणि फौजही नाही. कितीदा सांगितले तरी ही समजूत हटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगणे भाग आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाची सनद २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्वाक्षऱ्यांसाठी ठेवली गेली. तिच्या दुसऱ्या कलमातच सगळे आहे: सर्व सदस्य देश सारखेच सार्वभौम, आणि कोणाच्याही अंतर्गत कारभारात संघाने ढवळाढवळ करायची नाही. फौजेचा विचार झाला नव्हता असे नाही. देशांनी सुरक्षा परिषदेशी करार करून सैन्य उपलब्ध ठेवावे, अशी तरतूद ४३व्या कलमात आहे. पण अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे आधीच बिनसले आणि तसा एकही करार आजवर झालेला नाही. मग निळ्या शिरस्त्राणांचे ते जवान कोण? ते भारताचे, नेपाळचे, बांगलादेशाचे, रवांडाचे सैनिक. गणवेशही आपापल्या देशाचाच. सनदेत शांतिसेनेचा उल्लेखसुद्धा नाही. सशस्त्र शांतिसेना प्रथम उभी राहिली ती १९५६च्या सुएझ संकटात, आणि ज्या भूमीवर जायचे तिथल्या सरकारच्या संमतीने. १९६७च्या मे महिन्यात इजिप्तच्या नासर यांनी ती संमती काढून घेतली, तेव्हा सरचिटणीस ऊ थांट यांना सेना मागे बोलवावी लागली. जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकले आणि परतायच्या बेतात असलेल्या भारतीय तुकडीतले जवानही गाझात मारले गेले.

यावर लगेच दुसरा सवाल येतो: मग तो नकाराधिकार तरी काढून टाका! सुरक्षा परिषदेच्या पाच स्थायी सदस्य देशांपैकी कोणीही एका नकाराने ठराव अडवून जग वेठीला धरावे हे चीड आणणारे आहेच. पण हा अधिकार कोणाच्या नजरचुकीने सनदेत शिरलेला नाही. आधीच्या राष्ट्रसंघाचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. अमेरिका त्यात कधी आलीच नाही. जपान आणि जर्मनी १९३३ मध्ये बाहेर पडले, त्यांच्यामागून इटली गेली. बड्यांना आत धरून ठेवायचे तर त्यांच्याविरुद्ध संघ वापरला जाणार नाही याची हमी द्यावी लागेल, असा तो रोकडा सौदा होता. तो मोडायचा तर सनद बदलावी लागते, आणि १०८व्या कलमानुसार त्यालाही त्याच पाचही देशांची मंजुरी लागते. थोडक्यात, कुलपाची किल्ली कुलपातच. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरच्या ठरावाला रशियाने नकाराधिकार वापरला. गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावांवर अमेरिकेने तो अनेकदा वापरला. रशियाने अडवल्यावर प्रश्न आमसभेत गेला आणि २ मार्चला १४१ देशांनी रशियाचा निषेध केला. पाच विरोधात गेले आणि ३५ तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता. आमसभेचा ठराव मात्र बंधनकारक नसतो.

म्हणजे संघ निर्दोष आहे का? मुळीच नाही. १९९४च्या जानेवारीत रवांडातले शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी लपवलेल्या शस्त्रसाठ्यांची खबर दिली आणि कारवाईची तयारी कळवली. न्यूयॉर्कच्या मुख्यालयाने त्यांना रोखले. हे पाप सचिवालयाचेच. पण एप्रिलमध्ये तिथे तुत्सींची कत्तल ऐन भरात असताना शांतिसेना २७० जणांवर आणण्याचा ठराव सुरक्षा परिषदेने केला, म्हणजे देशांच्या सरकारांनी. ‘युनो नापास झाली’ या एका वाक्यात ही दोन्ही पापे कालवली की सरकारे अलगद सुटतात. माझा राग आहे तो यावर. उलट जिथे बडे देश आड आले नाहीत तिथे हीच संघटना कामाला आली: १९८९-९० मध्ये नामिबियातल्या निवडणुका आणि स्वातंत्र्य तिच्या देखरेखीखाली पार पडले, आणि तिथल्या सेनेचे नेतृत्व प्रेमचंद या भारतीय लेफ्टनंट जनरलकडे होते.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू. युनोकडे अफाट पैसा आहे म्हणतात: २०२५चा तिचा नियमित अर्थसंकल्प ३.७२ अब्ज डॉलर, म्हणजे साधारण ३२ हजार कोटी रुपये. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा ७४,४२७ कोटी. शांतिसेनेचा खर्च वेगळा, पण तो मिळवला तरी आकडा महापालिकेच्या आसपासच राहतो. युनोच्या हेगमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांना निर्दोष ठरवले, हेही खरे नाही. वकिलातीशी संपर्क नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, तोवर फाशी देऊ नये, असा १७ जुलै २०१९चा निकाल आहे. सुटकेची मागणी मान्य झाली नाही. खटला उभा राहिला तोही दोन्ही देशांनी त्या कराराच्या जोडपत्राला आधीच मान्यता दिली होती म्हणून. सरचिटणीस हे जगाचे राष्ट्रपती नव्हेत; सनदेनुसार ते मुख्य प्रशासकीय अधिकारी आहेत. आणि युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून कधीही जाहीर केलेले नाही, कृपा करून तो संदेश पुढे पाठवणे थांबवा.

पुढचे युद्ध पेटेल तेव्हा ‘युनो काय करते’ हे जरूर विचारा. त्याच्याआधी ठराव कोणी अडवला आणि आपल्या देशाने कुठे मत दिले तेही विचारा. या मतदानाच्या नोंदी खुल्या असतात, कोणालाही पाहता येतात.