पावसावर जगणारे घर

नोकरी संपली की राहायचे कुठे, हा प्रश्न आज आपल्या कितीतरी घरांत आहे. अब्बांची अर्धी उमर आखातात गेलेली, मुले पुण्या-मुंबईत किंवा त्याहून लांब, आणि गावच्या मोठ्या घरात दोनच माणसे. अशा वेळी एखाद्या शांत बेटावर जुने दगडी घर घ्यावे आणि उरलेले दिवस समुद्राकडे पाहत काढावेत, असे स्वप्न अनेकांना पडते. युरोपातले काही पेन्शनर ते खरेही करतात. त्यांच्या पसंतीच्या अशाच एका बेटाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. वाचकांनी तिथे जाऊन घर घ्यावे, हा आमचा हेतू नाही. मात्र म्हातारपणाचे घर कसे पारखावे, हे तिथल्या घरांकडून शिकण्यासारखे आहे.

बेटाचे नाव पँटेलेरिया. राज्य इटलीचे, पण जवळचा किनारा आफ्रिकेचा. सिसिली सुमारे 100 किलोमीटर दूर, तर ट्युनिशिया सुमारे 70 किलोमीटरवर. क्षेत्रफळ साधारण 83 चौरस किलोमीटर आणि वस्ती सात-आठ हजारांची. सारे बेट म्हणजे समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखीचे डोके आहे. शेवटचा उद्रेक 1891 मध्ये बेटाच्या वायव्येला समुद्राखाली झाला. आजही डोंगरातल्या भेगांमधून वाफ निघते. या वाफेच्या जागांना तिथले लोक ‘फावारे’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला ‘फवारा’ आणि त्यांचा ‘फावारे’ एकाच अरबी शब्दाची लेकरे आहेत.

सन 700 च्या सुमारास हे बेट मुसलमानांच्या ताब्यात आले आणि 1123 मध्ये सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरने ते जिंकून घेतले. मधल्या चार शतकांची खूण गावांच्या नावांत अजून टिकून आहे. एका गावाचे नाव खम्मा, म्हणजे गरम पाण्याची जागा. दुसरे गादिर, म्हणजे पाण्याचे तळे. तिथे समुद्राकाठी खरोखरच कोमट पाण्याची कुंडे आहेत. बेटावरच्या द्राक्षाला ‘झिबिब्बो’ म्हणतात, ते अरबी ‘जबीब’ म्हणजे मनुका यावरून. घराघरांत माशाच्या रश्शाबरोबर कुसकुस शिजते. आज तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, पण त्यांच्या बोलण्यात आणि ताटात जुना शेजार उरला आहे.

या बेटावरच्या जुन्या घराला ‘दाम्मूसो’ म्हणतात. उत्तर आफ्रिकेच्या अरबीतही कमानी छताच्या खोलीला ‘दामूस’ असा शब्द आहे. काळ्या लाव्हाच्या दगडांच्या भिंती कुठे हातभर, तर कुठे मीटरभराहूनही जाड. खोल्या लहान, खिडक्या त्याहून लहान. त्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो आणि हिवाळ्यात वारा बाहेर अडतो. झोपण्यासाठी भिंतीत कमानीखाली कोनाड्यासारखी जागा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे छप्पर. ते घुमटासारखे फुगीर असते आणि त्याच्या कडा उचललेल्या असतात. चुना आणि ज्वालामुखीच्या दगडाचा चुरा ओला करून, लाकडी मोगरीने ठोकून ठोकून ते पक्के करत. घुमटावरून ओघळणारा पाऊस कडांशी जमतो आणि नळीवाटे घराखालच्या टाकीत उतरतो.

एवढा खटाटोप का? कारण बेटावर नदी नाही, ओढा नाही. पाऊस वर्षाला साधारण 400 ते 500 मिलिमीटर, तोही बहुतेक थंडीत. हिशेब करून पाहू. 100 चौरस मीटरच्या छपरावर 400 मिलिमीटर पाऊस पडला, तर 40 हजार लिटर पाणी मिळते. थोडे वाया गेले असे धरले तरी दोन माणसांना दिवसाला पन्नास-पन्नास लिटर वर्षभर पुरते. आता समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे आली आहेत, पण जुन्या घराची टाकी अजून मोलाची मानतात. घर पाहायला गेलेला जाणता माणूस आधी टाकीचे झाकण उघडतो, मग खिडकीतून समुद्र पाहतो.

पाण्याचा हाच जपून वापर शेतीतही दिसतो. वाऱ्यापासून वाचवण्यासाठी द्राक्षाचा वेल जमिनीत खळगा करून लावतात आणि झुडपासारखा बुटका ठेवतात. या पद्धतीला युनेस्कोने 2014 मध्ये वारशाचा दर्जा दिला. संत्र्याच्या एकेका झाडाभोवती माणसापेक्षा उंच गोल दगडी भिंत बांधलेली दिसते. एका झाडासाठी एवढे कष्ट! येथे एक सांगायला हवे की झिबिब्बोचे पीक मुख्यत्वे दारूसाठी जाते. घराबरोबर मळा येत असेल, तर त्याचे काय करायचे हे आपल्यासारख्यांना आधीच ठरवावे लागेल. मनुका करता येतात, आणि मिठात मुरवलेल्या केपरच्या कळ्यांनाही चांगली मागणी असते.

आता कागदपत्रांकडे वळू. युरोपीय संघाबाहेरच्या पेन्शनरसाठी इटलीत एक वेगळा व्हिसा आहे. त्यावर राहता येते, पण नोकरी-धंदा करता येत नाही. पेन्शन किंवा भाडे अशा, काम न करता येणाऱ्या उत्पन्नातून वर्षाला सुमारे 31 हजार युरो दाखवावे लागतात. पती-पत्नी दोघे असतील तर रक्कम आणखी वाढते. दक्षिणेकडची ओस पडत चाललेली गावे पुन्हा भरावीत, म्हणून 2019 पासून तिथल्या लहान गावांत राहायला येणाऱ्या परदेशी पेन्शनरांना, काही अटींवर, परदेशातल्या उत्पन्नावर फक्त 7 टक्के कर ठेवला आहे. आपल्याकडून पैसा पाठवायचा तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे. शिवाय जुन्या घराला अनेक वारस असतात. एकाची सही राहिली की व्यवहार अडकतो, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

वारसाहक्काची एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. 2015 पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार, माणूस जिथे कायम राहत होता तिथला वारसा कायदा त्याच्या मालमत्तेला लागतो. म्हणजे इटलीत स्थायिक झालेल्या भारतीय मुसलमानाचे निधन झाले, तर घराची वाटणी इटलीच्या कायद्याने होऊ शकते. आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागावा असे वाटत असेल, तर तसे मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे लागते. वकील गाठून हे काम घर घेण्याच्या वेळीच उरकावे. शरीअतप्रमाणे हिस्से व्हावेत अशी इच्छा मनात ठेवून भागत नाही.

दफनाचेही तसेच. इटलीत मुसलमानांसाठी कब्रस्तानाची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. विषय नकोसा वाटतो, पण म्हातारपणाचे घर निवडताना जनाज्याची नमाज कोण पढेल, मय्यत कुठे नेतील, हे विचारणे अपशकुन नव्हे. घरच्यांची धावपळ वाचवणारी ती समजूतदारी आहे.

निसर्गाचाही विचार हवा. वारा जोरात असला की बोट येत नाही. 2021 च्या सप्टेंबरात टॉर्नेडोने तिथे दोघांचा जीव घेतला. बेटावर लहान रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने सिसिलीला न्यावे लागते. शिवाय घरे उतारावर असल्याने पायऱ्या आल्या, आणि गुडघे साठीनंतर पायऱ्यांची मोजणी सुरू करतात.

तरीही आम्हाला सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच वाटतो. दाम्मूसो हे एकट्याने राहण्याचे घर कधीच नव्हते. छप्पर ठोकायला, चुना लावायला, ढासळलेला बांध पुन्हा रचायला अनेक हात लागत. तिथले बांध मातीचुन्याशिवाय नुसत्या दगडांनी रचलेले असतात. एक दगड निसटला की त्याच वर्षी बसवावा लागतो, नाहीतर पुढच्या पावसात सारा बांध खाली येतो. बेटाची तरणी माणसे कामासाठी बाहेर पडली तसे बांध पडू लागले. बाहेरच्यांनी घेतलेल्या घरांपैकी पुष्कळ घरे उन्हाळ्यापुरतीच उघडतात. जुलैमध्ये गजबजलेल्या वाटेवर जानेवारीत दिवा शोधावा लागतो.

हे वाचताना रत्नागिरी-रायगडातल्या वाचकांना आपल्या मोहल्ल्यातली कुलपे आठवतील. आपल्याकडे तर तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पँटेलेरियाच्या हिशेबाने त्याच 100 चौरस मीटर छपरावर तीन लाख लिटर पाणी येते, आणि मे महिन्यात त्याच घराच्या दारी टँकर उभा असतो. गल्फच्या पैशातून उंच कमानी, रंगीत काचा, दोन-दोन जिने झाले. छपराचे पाणी मात्र गटारात गेले. निवृत्तीसाठी जुने घर दुरुस्त करणार असाल, तर टाइल्स बदलण्याआधी टाकी बांधा आणि एक खोली तळमजल्यावर, न्हाणीघर शेजारी घेऊन करा. हे करायला व्हिसा लागत नाही.

आणि घर कुठेही असो, परदेशात की गावात, एक कसोटी लावून पाहा. घर आपण दोघांसाठी घेतो, पण दोघांपैकी एकाला आधी जायचे असते. मागे राहणारी बहुतेक वेळा अम्मी असते. तिला त्या गावची भाषा येते का? बाजार आणि दवाखाना तिच्या पायांच्या आवाक्यात आहे का? रात्री दुखले तर कोणाचे दार वाजवायचे, हे तिला माहीत आहे का? रमजानात इफ्तारीचे ताट शेजारी पाठवायला शेजारी आहे का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर घर लहान आणि जुने असले तरी चालेल. उत्तरे ‘नाही’ असतील, तर समुद्राचा देखावा काही महिन्यांत जुना होतो.

म्हणून सही करण्याआधी एक हिवाळा तिथे भाड्याने राहून पाहावे, आणि निर्णय अब्बांनी एकट्याने घेऊ नये. दस्तरखानावर सगळे बसलेले असताना विषय काढावा, आणि अम्मीला सगळ्यात आधी बोलू द्यावे.