लेथचं वय पाटीवर नव्हे, बेडवर

लिलावात किंवा भंगारात जुनी लेथ दिसली की विकणारा हमखास सांगतो, ‘ब्रिटिशांच्या काळातली आहे, साहेब.’ त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि थेट बेडकडे वळावं. मोटर, चक, टेलस्टॉक, कधी कधी नावाची पाटीसुद्धा मधल्या काळात बदललेली असते. बिडाचा बेड सहसा कोणी बदलत नाही.

सरावाला अमेरिकेतली साउथ बेंड उत्तम. इंडियाना राज्यात जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये हा कारखाना काढला. तिचा अनुक्रमांक बेडच्या माथ्यावर, टेलस्टॉकच्या टोकाला पंचाने ठोकलेला असतो. टेलस्टॉक अलीकडे ओढा, रॉकेलच्या बोळ्याने साचलेलं कीट काढा आणि बॅटरी तिरपी धरा. सरळ उजेडात न दिसणारे आकडे तिरप्या उजेडात उठून दिसतात. जुन्या नोंदींवरून बनवलेल्या याद्यांत तो आकडा शोधला की साल हाती लागतं. काही यंत्रांवर अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाची छोटी पट्टी असते. हे मंडळ १९४२ ते १९४५ एवढंच होतं, त्यामुळे ती मूळची असेल तर निम्मं काम झालं.

आकडे झिजले असतील तर यंत्राची ठेवण पाहावी. आटे पाडताना एका दांड्याने वेग बदलणारी गिअरबॉक्स वेंडेल नॉर्टनच्या १८९२ च्या पेटंटनंतर रूढ झाली. लीडस्क्रूवर फूटपट्टी ठेवून आटे मोजा. इंचात नेमके चार किंवा आठ भरले तर यंत्र इंची मापाचं. पण एवढ्यावरून ‘इंची म्हणजे जुनी, मेट्रिक म्हणजे नवी’ असं ठरवणं धोक्याचं. जर्मन यंत्रं जुनी असूनही मेट्रिक असतात. चपट्या पट्ट्याच्या पायरीपुलीचंही तेच. ती दिसली की लोक लगेच शंभर वर्षं मागे जातात, पण साउथ बेंड दुसऱ्या महायुद्धानंतरही तसल्या लेथ विकत होती.

आपल्याकडच्या यंत्रांची गंमत पत्त्यात आहे. म्हैसूर किर्लोस्करचा हरिहरचा कारखाना १९४१ चा. राज्याचं नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं, कंपनीच्या नावात मात्र म्हैसूर तसंच राहिलं. तेव्हा नाव नको, त्याखालची पत्त्याची ओळ वाचा. विक्रेत्याच्या पट्टीवर सहा आकडी पिनकोड असेल, तर ती पट्टी १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची नाही, कारण पिनकोड त्याच दिवशी सुरू झाला. नुसतं ‘बॉम्बे १’ असेल तर बहुधा आधीची. अर्थात यातून विक्रीचा काळ कळतो, यंत्र कधी घडलं ते नाही. बाहेरून आलेली लेथ इथे दुसऱ्यांदा विकली गेलेली असू शकते.

माझं मत विचाराल तर एका खुणेवर साल सांगणाऱ्याला भाव देऊ नये. तीन खुणा जुळल्या तर दशक सांगावं, अनुक्रमांक मिळाला तरच वर्ष. आणि घरात किंवा कारखान्यात अशी लेथ असेल, तर रंग देण्याआधी किंवा बेड ग्राइंडिंगला पाठवण्याआधी तो आकडा टिपून घ्या, फोटोही काढा. चाकाखाली एकदा घासला गेला की तो परत मिळत नाही.