पगार सारखा, ग्रेड वेगळी

अंधेरी पूर्वेला १९७३ साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झालं, तेव्हा तिथे फक्त निर्यातीचा इलेक्ट्रॉनिक्स माल बनायचा. जोडणीच्या टेबलांवर बहुतेक मुलीच, तरुण आणि बिनलग्नाच्या. बायकांचा हात बारीक कामाला बरा, असं मालक म्हणत. कमी पगारात येतात, हे बोलायची गरज नव्हती. १९७५ मध्ये समान वेतनाचा वटहुकूम निघाला, पुढच्या वर्षी कायदा झाला. पण ज्या टेबलावर पुरुषच नाही, तिथे समान कोणाशी?

तुलनेला पुरुष होता तिथे मात्र कायदा चालला. ऑड्री डिकॉस्टा मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनो होत्या. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी पुरुष स्टेनोंच्या पगारातला फरक मागितला. कंपनी म्हणाली, लेडी स्टेनो साहेबांच्या खाजगी कामाला, त्यांचा वर्गच वेगळा. शिवाय युनियनशी करार झालाय, आणि परवडतही नाही. २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्या सबबी फेटाळल्या. त्यातली ‘वर्गच वेगळा’ ही सबब फार चिवट निघाली. आज तिला ग्रेड म्हणतात.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टाटा बरोज कंपनीपासून सीप्झमध्ये सॉफ्टवेअर आलं, पुढे मालाडला कॉल सेंटरं. कॅम्पसमधून घेतलेल्या मुला-मुलींचं पॅकेज सहसा एकच असतं. फाटा नंतर फुटतो, ग्रेडमध्ये. ऑनसाइटला कोण जातं, बाळंतपणाच्या वर्षी अप्रेझलला रेटिंग काय पडतं, नोकरी बदलताना मागच्या सीटीसीवर किती टक्के मिळतात. बोरिवली-मुलुंडची पाळणाघरं संध्याकाळी बंद व्हायला येतात, नेमके तेव्हाच अमेरिकेच्या क्लायंटचे कॉल सुरू होतात. २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, हे चांगलंच. पण आयटीत सहसा तो सगळा पगार मालकाने द्यायचा, त्यामुळे मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न आडून विचारला जातो.

संसदेने १९८७ मध्येच समान वेतन कायद्यात दुरुस्ती करून बढती, प्रशिक्षण आणि बदलीतला भेदभावही बेकायदा ठरवला होता. खरं दुखणं तिथेच होतं. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेत हे तीन शब्द नाहीत, मोघम ‘नोकरीच्या शर्ती’ आहेत. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मात्र ते आहेत, आणि उपनगरातली आयटी ऑफिसं याच कायद्याखाली येतात. तक्रार करायची तर बायकांनी आधी तो उघडावा.