कंग्राळीहून वैजनाथाला, पायी

माझी एक पुतणी नोकरीनिमित्त इटलीत मिलान शहरी असते. गेल्या चैत्रात सुटी मिळताच ती पाठीवर पिशवी टाकून ला व्हेर्नाच्या डोंगरावरून निघाली आणि मजल दरमजल करीत संत फ्रान्सिसच्या आसिसी गावी पायी जाऊन पोहोचली. तिकडून तिने छायाचित्रे पाठविली. पाहतो तो काय, एकामागून एक उतरत गेलेल्या हिरव्या टेकड्या, मधून वळणे घेत गेलेली तांबूस पायवाट, दूर एका उंचवट्यावर दगडी देऊळ. खाली तिने लिहिले होते, "काका, आजीच्या कंग्राळीसारखंच दिसतं की नाही? फक्त भाताऐवजी द्राक्षं!"

त्या एका ओळीने मला अस्वस्थ केले. कारण कंग्राळीची एक पायवाट माझ्याकडून चालावयाची राहून गेली होती, आणि ती राहिल्याला आता साठ वर्षे उलटून गेली आहेत.

हकिकत अशी. कंग्राळी खुर्द हे माझे आजोळ. बेळगावच्या वेशीबाहेर मार्कंडेय नदीच्या आसऱ्याने कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द अशी दोन गावे आहेत, त्यांतले हे धाकटे. १९६१ साली, मी सहा वर्षांचा असताना, आजोळी मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस झाले तरी उतरेना. तेव्हा आईने देवरवाडीच्या डोंगरावरील आरोग्य भवानीला नवस बोलला की, पोर उठू दे, त्याला पायी चालवीत तुझ्या दर्शनाला आणीन. पोर उठले. पुढे आम्ही कोल्हापुरी कायमचे आलो, शाळा लागली, संसार लागले आणि नवस राहिला तो राहिलाच. आई मधून दोनदा एस्. टी.ने जाऊन देवीची ओटी भरून आली. परंतु "हे खरं नव्हे, चालत बोलले होते" ही तिची टोचणी अखेरपर्यंत गेली नाही. नवसावर माझा विश्वास किती हा प्रश्न अलाहिदा. आईच्या शब्दावर आहे.

म्हणून मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर, मी बेळगावची गाडी पकडली. घरात विरोध होता. गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतो. डॉक्टरांनी जिना चढण्यासही मना केले आहे. डोंगराविषयी मी त्यांना विचारलेच नाही.

एक दिवस आधी पोहोचलो तो बेळगावच्या किल्ल्यात पाय मोकळे करावयास गेलो. कमल बस्ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी केवळ तिच्यासाठी बेळगावी एक फेरी करावी. सौंदत्तीच्या रट्टांचे राज्य चालू असताना, चौथ्या कार्तवीर्याच्या कारकिर्दीत, त्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली ही जैन बस्ती उभारली. मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ पाहताना मान अवघडते, पण नजर निघत नाही. तिच्या दानाचे शिलालेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये जाऊन पडले आहेत. त्याच किल्ल्याच्या तटात आदिलशाहीतील सफा मशीदही आहे. वेणुग्राम या जुन्या नावापासून आजपर्यंत या गावाने किती धनी पाहिले याचा हिशेब एका फेरीतच डोळ्यांपुढे येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामेभाऊ आणि मी निघालो. तो माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा, शेती करणारा, काटक. वहिनींनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली रताळी फडक्यात बांधून दिली आणि वर म्हणाल्या, "भावजी, दमला तर तिथंच बसा हं. देवी काय पळून जात नाही."

नदीवर धुके होते. हे मार्कंडेयाचे पाणी वर राकसकोपला अडविले असून बेळगाव शहर ते पिते. पुढे ही नदी गोकाककडे घटप्रभेस मिळते. शिवारात भाताची कापणी उरकली होती. खळ्यांवर मळणी चालली होती, आणि जेथून भात निघाले तेथे त्याच ओलीवर मसूर, वाटाणा टाकलेला. खाचरे संपून जमीन जरा चढू लागली की माती लाल होते आणि रताळ्यांचे वेल लागतात. बेळगावच्या पश्चिमेकडील या लाल माळाचे रताळे दूरदूरच्या बाजारात जाते, हे आपल्या एकादशीच्या ताटाला ठाऊक नसते!

आंबेवाडी, मण्णूर, गोजगे अशी गावे मागे पडत गेली. बांधावरचा जो भेटे तो विचारी, "कुठं निघालासा?" वैजनाथाला म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला, "चालत? का हो, गाडी नाही मिळाली काय?" पूर्वी महाशिवरात्रीला याच वाटेने बैलगाड्या आणि माणसांच्या रांगा लागत, असे मामेभाऊ म्हणाला. आता जत्रेला मोटारसायकली जातात.

उचगावात आम्ही न्याहारी केली. गावाबाहेरच्या आमराईत मळेकरणी देवीचे ठाणे आहे. मंगळवार-शुक्रवारी येथे पाय ठेवावयास जागा नसते. आम्ही गेलो तो आडवार असल्याने सारी आमराई आमचीच होती. जुनी झाडे, सावली, वाळल्या पानांवरून सरपटणारा सरडा. येथे मला पुतणीची आठवण झाली. ती सांगत होती, तिकडे वाटेवरच्या दगडांना आणि झाडांना तांबडे-पांढरे पट्टे ओढलेले असतात. चुकण्याची सोय नाही. यात्रेकरूजवळ एक पुस्तिका असते आणि प्रत्येक मुक्कामी तीवर शिक्का मिळतो. त्यांनी वाटा जपल्या कशा, तर लिहून ठेवून. इ. स. ९९०च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतताना आपल्या मुक्कामांची यादी करवून गेला. गावे सारी मिळून ऐंशीच्या घरात. त्या यादीवरून हजार वर्षांनी लोकांनी ती वाट पुन्हा शोधून काढली, आणि १९९४ साली युरोपच्या परिषदेने तिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. कंग्राळीहून वैजनाथाला जाणाऱ्या बायांनी अशी यादी केली नाही. त्यांची यादी त्यांच्या पायांत होती.

याचा प्रत्यय लगेच आला. उचगावच्या पुढे शिवारातून जी वाट आईने मला तोंडी सांगितली होती (डाव्या हाताला ओढा, मग दोन जांभळी, मग खिंड), ती आम्हाला ओढ्यापर्यंतच सापडली. जांभळींच्या जागी काटेरी तारेचे कुंपण आणि प्लॉटच्या मापाचे पांढरे दगड. कुंपणाच्या कडेकडेने अर्धा तास हिंडलो. शेवटी रताळी खणणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारले. त्या उठल्या, कंबरेवर हात ठेवून तारेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वाट हितंच हाय की. तार मधी आलीया." वाट आहेच, तार आडवी आली आहे! मीही अनेकदा जात असे, असे म्हणत त्यांनी आम्हाला बांधाने वळसा घालून वेंगुर्ल्याच्या सडकेवर आणून सोडले. मी पैसे देऊ लागलो तर रागावल्या. "माझ्या नावानं एक उदबत्ती लाव" एवढेच मागितले.

सडकेने बाची आणि त्यापुढे शिनोळी. या दोहोंच्या मध्ये राज्याची हद्द आहे. पाटी नसती तर कळलेही नसते. भात तेच, माती तीच, बांधावरची बोली तीच. १९५६च्या पुनर्रचनेपूर्वी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. म्हणजे आईच्या माहेरचे घर आणि तिच्या नवसाची देवी एका जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ला घर एका राज्यात राहिले आणि देवी दुसऱ्या राज्यात गेली. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल झाला, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. त्या वादात आमच्या कोल्हापूरच्या घराघरांतून जे बोलले जाते ते येथे पुन्हा सांगत नाही. आईने नवस बोलला १९६१ साली, म्हणजे हद्द पडून पाच वर्षे झाली होती. तिच्या बोलण्यात मात्र हद्दीचा उल्लेख मी कधीही ऐकला नाही.

शिनोळीत कारखान्यांची वसाहत आहे. मालमोटारींची धूळ खात तो टापू ओलांडला आणि देवरवाडीच्या अंगाला वळलो, तसा डोंगर समोर उभा राहिला. महीपाळगडाचा हा डोंगर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच. बेळगावच मुळी अडीच हजार फुटांवर असल्याने चढ तसा बेताचा. परंतु सत्तरीच्या गुडघ्याला हे भूगोलशास्त्र कोण समजावणार? निम्म्यावर मी बसलोच. मामेभाऊ काही न बोलता शेजारी बसला. मग म्हणाला, "दादा, मागनं मोटारसायकल येत्यात. एकाला थांबवू काय? कोण बघतंय?"

खरे सांगतो, मी हो म्हणणार होतो. पण आईने दोनदा एस्. टी.ने जाऊन काय मिळविले होते ते मला ठाऊक होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठलो आणि दहा पावले चालावे, थांबावे, असा उरलेला चढ संपविला.

वैजनाथ आणि आरोग्य भवानी यांची देवळे अगदी शेजारी शेजारी आहेत, काळ्या दगडाची, जुन्या हेमाडपंती घडणीची. खांब ठेंगणे, आत गारवा. बाहेर झाडी आणि पाण्याचे कुंड. आसिसीची प्रचंड दुमजली बॅसिलिका १२२८ साली बांधावयास घेतली, तिच्या भिंतींवर नामवंतांची चित्रे आहेत, तेथे जग लोटते. येथे त्या दुपारी आम्ही दोघे आणि माळ ओवणारी एक मुलगी, एवढेच होतो. मी ओटी भरली, म्हाताऱ्या बाईंच्या नावाची उदबत्ती लावली. काय मागावे ते सुचेना. मागावयाचे ते साठ वर्षांपूर्वीच मागून झाले होते आणि मिळालेही होते.

गडावर मामेभाऊ एकटा जाऊन आला. गडाच्या आत आजही गाव नांदते. वरून बेळगावकडचा मुलूख दिसतो, कंग्राळीही बहुधा त्यातच असेल, असे तो म्हणाला. मी कुंडाशेजारी बूट काढून बसलो होतो. उरलेली रताळी आम्ही वाटून खाल्ली.

उतरताना त्याने एकाएकी विचारले, "दादा, आत्यानं नवस नुसता जायचा बोलला होता, का जाऊन यायचा?"

मी विचार करू लागलो. आईचे शब्द आठवून पाहिले. "आणीन" म्हणाली होती. परतीचे काही आठवेना, आणि विचारावयास आता कोणी उरले नव्हते. शिनोळीच्या फाट्यावर लाल गाडी उभीच होती. मामेभावाने मला हात देऊन वर चढविले आणि कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "परतीचं पुढच्या वर्षी बघू."