स्टॉक कारची शर्यत व तिचे उद्यांचे प्रेक्षक

अमेरिकेच्या दक्षिण भागांत ‘स्टॉक कार’ या नांवाची मोटारींची शर्यत फार लोकप्रिय आहे. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानांतून विकत घ्यावी तशीच. मुद्दाम शर्यतीकरितां बांधिलेलें यंत्र नव्हे, तर शेजाऱ्याच्या अंगणांत उभी असते तीच मोटार, असा या नांवाचा मूळ अर्थ होय. वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा. कारण या खेळाच्या भाग्याचा व आज त्यास पडलेल्या कोड्याचा उगम तेथेंच आहे.

दारूबंदीच्या काळीं (१९२०–३३) व त्यानंतरही ॲपलाचियन डोंगरांतून चोरटी दारू नेणारे तरुण साध्या दिसणाऱ्या मोटारींचें इंजिन घरींच सुधारून अबकारी शिपायांच्या पुढें पळत. त्यांतलेच कित्येक पुढें मातीच्या वाटोळ्या मैदानांवर पैज लावून धावूं लागले. खेळाचें मूळ फारसें सोज्वळ नाहीं, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. डिसेंबर १९४७ मध्यें बिल फ्रान्स यांनीं डेटोना बीच येथील एका हॉटेलांत मंडळी जमविली, व १९४८ सालीं ‘नॅस्कार’ संस्था स्थापन झाली. जून १९४९ मध्यें शार्लट येथें दुकानी मोटारींची पहिली शर्यत झाली. तींत ग्लेन डनावे पहिला आला. परंतु त्याच्या गाडीच्या मागील स्प्रिंगा दारूवाल्यांच्या रीतीनें बदललेल्या आढळल्यामुळें तो बाद ठरला, व मान जिम रोपर यास मिळाला. (उत्तरपत्रिका तपासणारांस हा प्रसंग अपरिचित वाटणार नाहीं.)

१८ फेब्रुवारी १९७९ रोजीं डेटोनाची ५०० मैलांची शर्यत अथपासून इतिपर्यंत दूरचित्रवाणीवर प्रथमच थेट दाखविली गेली. पूर्व भागांत बर्फाचें वादळ असल्यामुळें लोक घरांतच कोंडले होते. अखेरच्या फेरींत पुढील दोघे एकमेकांवर आदळले, रिचर्ड पेटी निसटून जिंकला, आणि आदळलेले वीर मैदानांतच हातघाईवर आले! खेळ देशभर झाला तो त्या दिवसापासून.

पुढें मोटारी बदलल्या. २००१ सालीं डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक डेटोनासच अखेरच्या फेरींत मरण पावला. त्यानंतर मान सांवरणारें साधन सक्तीचें झालें. २०२२ च्या नव्या मोटारीचे बहुतेक भाग नेमून दिलेल्या कारखानदारांकडूनच घ्यावे लागतात. चाकास पांच नट होते, आतां एकच आहे. सुरक्षिततेविषयीं आम्ही तक्रार करणार नाहीं. तथापि, ‘ही तर आपलीच गाडी’ असें बाप मुलास आतां सांगूं शकत नाहीं. मुलासही इंजिन उघडून पाहण्याची गोडी उरलेली नाहीं. २००५ च्या सुमारानंतर प्रेक्षक घटत गेले, व कित्येक ठिकाणीं रिकामे बांक पाडून टाकावे लागले.

चालकांनीं यावर उपाय योजिले. २०२३ ते २०२५ अशीं तीन वर्षें शिकागो शहराच्या रस्त्यांवरच शर्यत झाली. २०२५ सालीं ती मेक्सिको नगरींतही गेली. याहून नवलाचें उदाहरण विल्यम बायरन याचें. तो लहानपणीं घरीं संगणकावर खोटी मोटार चालवून शिकला, आणि २०२४ व २०२५ अशीं लागोपाठ दोन वर्षें डेटोनाची खरी शर्यत त्यानें जिंकली! ज्या मुलांस गराज ठाऊक नाहीं, त्यांस ही वाट मोकळी आहे.

परंतु आमच्या मतें वाहनापेक्षां दरवाजाचा प्रश्न मोठा आहे. वेंडेल स्कॉट हा निग्रो चालक १ डिसेंबर १९६३ रोजीं जॅक्सनव्हिल येथें जिंकला. पण विजयाचा सोहळा दुसऱ्याचा झाला, व चूक प्रेक्षक घरीं गेल्यावर मान्य करण्यांत आली. स्कॉट १९९० सालीं वारला. त्याच्या कुटुंबाच्या हातीं करंडक पडला तो २०२१ सालीं! त्याच वर्षीं बबा वॉलेस टॅलाडेगा येथें जिंकला; वरच्या श्रेणींत जिंकणारा तो दुसराच कृष्णवर्णी चालक. गुलामगिरी राखण्यासाठीं लढलेल्या पक्षाचें निशाण मैदानावर फडकविण्यास मनाई झाली तीही २०२० मध्येंच. ज्या घरच्या मुलांस इतकीं वर्षें दारांतच अवघडल्यासारखें वाटलें, तीं बांकांवर कां दिसत नाहींत, हें विचारण्यास अर्थ नाहीं.

नॉर्थ विल्क्सबरो येथील जुनें मैदान १९९६ नंतर वरच्या श्रेणीस बंद झालें, व त्यांत गवत माजलें. तें २०२३ च्या मे महिन्यांत पुनः उघडलें. तेथील जुन्या, झिजलेल्या डांबरावरच त्या वर्षींची निवडक चालकांची शर्यत झाली, व काइल लार्सन जिंकला.